पाटीवरचा आघाडा

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. लेआउटच्या कागदावर तिचं नाव ‘ओपन स्पेस’, म्हणून सगळे तिला ओपन स्पेसच म्हणतात, अगदी भाजीवाली मावशीसुद्धा. लातुरातल्या बाकीच्या ओपन स्पेसचं जे होतं तेच आमच्याही ओपन स्पेसचं चाललेलं होतं. कुणाचं लग्न असलं की तिथं मंडप, नसलं की म्हशी, आणि दोन्ही नसलं की गाजरगवत. मग एका रविवारी कॉलनीच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, आपण तिथं लॉन करू, कडेनं पेव्हर ब्लॉक टाकू. मी ज्युनिअर कॉलेजला वनस्पतिशास्त्र शिकवते. लॉन म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “लावा ना. फक्त उन्हाळ्यात त्या लॉनला पाजायला कुणाच्या दारातला टँकर वळवणार, तेवढं आताच सांगा.”

सभा गप्प झाली. लातूरच्या माणसाला पाण्यावरून बोललं की तो गप्पच होतो. अध्यक्ष तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांना राग येत नाही, ते ठराव लिहितात. त्यांनी लिहिलं की मॅडमना एक वर्ष देण्यात येत आहे, वर्षानं ओपन स्पेस बागेसारखी दिसली तर बाग कायम, न दिसल्यास पेव्हर ब्लॉक. ‘बागेसारखी’ म्हणजे कशासारखी, ते त्यांनी लिहिलं नाही आणि मीही रागाच्या भरात विचारलं नाही. ही माझी पहिली चूक.

मला आपल्या मातीतली झाडं लावायची होती. जी टँकर मागत नाहीत, ज्यांच्यावर मधमाश्या येतात, फुलपाखरं अंडी घालतात, अशी. मी नवऱ्याच्या स्कूटरवर मागं पिशवी घेऊन बसायची आणि तो मला रेणापूर रोडला, औसा रोडला बांधाबांधानं फिरवायचा. तरवड आणला, आघाडा आणला, कुर्डू, माका, केना, तरोटा, भाजीची नव्हे ती रानातली दुधी. बांधावरच्या बायका कामं थांबवून बघायच्या. एकदा एकीनं नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, “बाईला काई औषध चालू हाय का?” नवऱ्यानं “हाव” म्हणून सांगितलं. त्याच्या मते तेवढ्यात विषय मिटला. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

आमच्या गल्लीतच एक चित्रकलेचे सर राहतात. त्यांनी प्रत्येक रोपाजवळ रोवायला पाट्या करून दिल्या. लाकडी दांडा, वर पत्र्याचा चौकोन, पिवळ्या रंगावर हिरव्या अक्षरांत झाडाचं नाव. अक्षर इतकं सुरेख की आघाड्यालासुद्धा लग्नपत्रिकेतला मान आला. एवढ्यावर सर थांबले असते तर बरं झालं असतं. पण ते म्हणाले, बागेत निसर्गातून स्फुरलेली एक कलाकृती पाहिजे, लोक बघायला येतील. मी हो म्हणाले. ही दुसरी चूक.

सरांनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचा जुना टायर मिळवला. तो उभा केला, आतून सिमेंटचं वेटोळं भरलं, खाली म्हशीएवढं सिमेंटचं अंग केलं आणि पुढं सायकलीच्या हँडलची दोन शिंगं बसवली. गोगलगाय. खरं सांगते, काम झकास झालं होतं. पायथ्याशी सरांनी शहाबादी फरशीवर कलाकृतीचं नाव कोरलं: ‘निसर्गाची लय’. आता लय म्हणजे ताल, हे सरांच्या मनात. आमच्याकडं लय म्हणजे लई, म्हणजे पुष्कळ. त्यामुळं जो येईल तो फरशी वाचून थांबायचा आणि विचारायचा, “निसर्गाची लय काय?” पुढचा शब्द कोरायचा राहिला, असं निम्म्या कॉलनीचं आजही मत आहे.

त्याहून मोठा घोळ वेगळाच होता. आमच्या भागात सगळं रान सोयाबीनचं, आणि अलीकडं पावसाळ्यात कोवळं सोयाबीन फस्त करते ती हीच बया, शंखी गोगलगाय. लोक पहाटे उठून बादल्या भरभरून त्या वेचतात आणि मिठाच्या पाण्यात टाकतात. अशा मुलखात आम्ही भर चौकात तिचा पुतळा उभा केला. आमचा दूधवाला शेतकरी आहे. तो रोज सकाळी कॅन खाली ठेवून त्या गोगलगायीला दोन शिव्या हासडायचा आणि मग दूध घालायला यायचा. एका सोमवारी त्यानं मलाच विचारलं, “मॅडम, पुढच्या वर्षी खोडकिडीचा बसवणार का?”

अशा बागेत आमच्या आत्या आल्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. जळकोटच्या बाजूला त्यांचं गाव. मामंजी गेल्यावर बारा एकर रान त्यांनी एकटीनं सांभाळलं. उन्हाळ्यात त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला आणलं, आणि नवऱ्यानं परस्पर रान बटईनं, वाट्यानं कसायला, देऊन टाकलं. आता आई, इथंच राहायचं, म्हणाला.  त्या दिवसापासून आत्यांची भूक गेली. अर्धी भाकरी खायच्या आणि गच्चीवर जाऊन बसायच्या. मी टीव्ही लावून दिला, तर म्हणाल्या, “त्यात समदे भांडून राहिलेत, तू तरी घरात हायस.” हे कौतुक की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

डोळे मात्र ऑपरेशननं लख्ख झाले. पट्टी निघाली त्याच दिवशी त्या गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहिल्या, खाली ओपन स्पेसकडं बघितलं, आणि मला हाक मारली.

“ते कुणाचं रान हाय गं?”

“आपल्या कॉलनीचं आहे आत्या. बाग आहे. मीच करतेय.”

आत्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं. मग म्हणाल्या, “अन् ते मधी काय बसलंय?”

“गोगलगाय. पुतळा आहे.”

“व्हय की,” आत्या म्हणाल्या. “एवढं तण माजल्यावर गोगलगाय बी तेवढीच व्हणार.”

मला हसू आलं. तिथंच समजावून सांगायला पाहिजे होतं. पण कॉलेजची वेळ झाली होती, आणि माझ्या डोक्यात असं, की ज्या बाईनं जन्म रानात काढला तिला मी आघाडा काय समजावणार. ही तिसरी चूक, आणि पहिल्या दोन्हीपेक्षा मोठी.

वर्ष संपत आलं. श्रावण लागला. सभा पंचमीनंतरच्या रविवारी ठरली. पंचमीला मला माहेरी, नांदेडला जायचं होतं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी माझी आई पंचमीला लेक आली नाही तर झोका बांधू देत नाही. जाताना मी बागेत एक चक्कर मारली. पाऊस बरा झाला होता. आघाडा गुडघ्याएवढा, कुर्डूला गुलाबी तुरे, केन्याची निळी फुलं, आणि तरवडाच्या पानांवर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या. इतकी भरली बाग मी वर्षभरात पाहिली नव्हती. आता कोण काय बोलतो बघू, असं म्हणत मी नांदेडच्या एस्टीत बसले.

सहा दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी परत आले. रिक्षा ओपन स्पेसपाशी वळली आणि मी रिक्षावाल्याला म्हणाले, “अहो, चुकीच्या कॉलनीत आलात.” तो म्हणाला, “पाटी तर हीच हाय, मॅडम.” गोगलगाय जागच्या जागी होती. तिच्या भोवतीनं सगळी काळी माती, लोण्यासारखी भुसभुशीत, एक काडी नाही. पेरणीच्या ओळी, तासंच्या तासं, ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ. तासांत बोटभर हिरवे कोंब, दोन दोन पानांचे. आणि प्रत्येक तासाच्या तोंडाशी एकेक पिवळी पाटी: तरवड, आघाडा, कुर्डू, माका.

दारात आत्या उभ्या होत्या. पदर खोचलेला, हाताला माती, आणि चेहरा असा खुललेला की त्या चार महिन्यांत मी तो कधी बघितलाच नव्हता.

“आलीस? आता रागावू नको बाई, पण तुझं बी बोगस निघालं,” त्या म्हणाल्या. “येक दाणा उगवला न्हाई. नुस्तं तण. पाट्या तेवढ्या कंपनीच्या झकास.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आत्यांना अक्षरओळख नाही. आणि त्यांच्या गावाकडं रानात काठीवर पाटी दिसली की ती बियाण्याच्या कंपनीची. कंपनी आपलं वाण एखाद्याच्या रानात लावून दाखवते आणि बांधावर नावाची पाटी रोवते. आत्यांनी गच्चीवरून पाहिलं, की सुनेनं कुठल्या तरी कंपनीचं बी आणून पेरलं, पाट्या लावल्या, आणि बी काही उगवलं नाही. शिकलेली सून फसली, आणि लाजेनं बोलत नाही. मग त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातला विळा घेतला, मला कळायच्या आत अख्खं रान खुरपलं, मुळासकट, आणि डब्यातले मूग टोकले. पंचमीला माती खणत नाहीत, म्हणून तीन दिवस उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राबून पंचमीच्या आदल्या दिवशी हातावेगळं केलं होतं.

“मुगाचा हंगाम गेला खरं तर,” त्या म्हणाल्या. “पर उद्या तुझी मीटिंग हाय म्हणं. हिरवं दिसाया पायजे.”

मी न्हाणीघरात गेले, नळ पूर्ण सोडला आणि टॉवेल तोंडात कोंबून ओरडले. लातुरात नळ असा वाहू देणं हे पाप आहे, पण माझा इलाज नव्हता. बाहेर आले तर नवरा दाराशी उभा. मी विचारलं, “तू आंधळा आहेस का? तुझ्या डोळ्यांदेखत झालं हे?” तो म्हणाला, “मला वाटलं तूच सांगितलंस. मला काय आघाडा आणि कोथिंबीर सारखीच.” मग हळूच म्हणाला, “आज सांगू नको तिला. चार महिन्यांत काल पहिल्यांदा तिनं दोन भाकरी खाल्ल्या. वर वाटीभर कोरड्यास मागून घेतलं.”

रात्रभर मी कूस बदलत होते. बाग गेली हे नक्की होतं. पण दोन भाकऱ्या माझ्या डोक्यातून जाईनात.

रविवारी सभा बागेतच भरली. खुर्च्या मांडल्या होत्या. आत्या नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या. कॉलनीच्या बायकांत मिसळायची त्यांची ती पहिलीच वेळ. लोक येत होते, तासांकडं बघत होते आणि मान डोलवत होते. “आता कसं बागेसारखं दिसून राहिलं,” एकजण मला म्हणाला, “इतके दिवस नुसतं गवत वाढू दिलं होतं तुम्ही.” दूधवालाही कॅन घेऊन थांबला होता. वाकून कोंब बघितले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गोगलगायीला शिवी न देता गेला.

अध्यक्षांनी तासांवरून फेरी मारली. माती चिमटीत घेतली. खुर्चीवर येऊन बसले आणि म्हणाले, “समाधानकारक. अत्यंत समाधानकारक. ठराव लिहिण्यापूर्वी लागवडीची नोंद घेतो.” आणि त्यांनी चष्मा लावून पाट्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. “तास पहिला, तरवड. तास दुसरा, आघाडा. तास तिसरा, कुर्डू. चौथा, माका. केना. तरोटा. दुधी...”

मी आत्यांकडं बघितलं. आत्या आधी नुसत्या ऐकत होत्या. आघाड्याला त्यांच्या कपाळावर आठी पडली. कुर्डूला त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. केन्याला त्यांचा हात तोंडाशी गेला. बाग राखायची तर फक्त गप्प बसायचं होतं, मला आणि त्यांनाही. ठरावाचा कागद मांडीवर होता, पेन उघडलेलं होतं. अध्यक्षांना मुगाचा कोंब कळत नव्हता आणि बाकीच्या कुणाला आघाडा.

आत्या उठून उभ्या राहिल्या.

“सायेब, लिहू नका,” त्या म्हणाल्या. “ह्ये समदं खोटं हाय. ह्यो मूग हाय. जी नावं तुमी वाचून राहिलाव ना, ती झाडं मी उपटली. समदी. मला वाटलं तण हाय. तिनं वरीसभर जपलं अन् मी तीन दिसांत मातेरं केलं.”

 एरवी दहा ठिकाणी नको ते खरं बोलणारी मी ताडकन उठले आणि म्हणाले, “आत्या विसरल्या. मीच त्यांना उपटायला सांगितलं होतं. जमिनीला फेरपालट म्हणून. शास्त्रात आहे तसं.”

“न्हाई सायेब,” आत्या म्हणाल्या. “ही खोटं बोलून राहिली. बगा कान कसे लाल झाले. जागा काढून घ्यायची तर माझ्या नावानं लिवा. तिच्या नावानं लिवू नका.”

“माझ्याच नावानं लिहा,” मी म्हणाले.

“गप बस गं.”

“तुम्ही गप बसा आत्या.”

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं. ते म्हणाले, उभ्या नोकरीत चूक नाकारताना हजार माणसं बघितली, चुकीवरून ओढाओढ बघण्याची ही पहिलीच वेळ, आणि याला छापील नमुना नाही. चित्रकलेचे सर मागून म्हणाले, “हीच निसर्गाची लय.” कुणीतरी विचारलं, “लय काय?” आणि अख्खी सभा हसत सुटली. शेवटी ठराव असा झाला, की विषय दिवाळीनंतरच्या सभेपर्यंत तहकूब, तोपर्यंत पाटीवर जे आहे ते जमिनीत दिसलं पाहिजे, न दिसल्यास पेव्हर ब्लॉक.

 संध्याकाळी आत्यांनी भाकरीला हात लावला नाही. मी पानावर त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “आत्या, मला राग आला होता. काल खूप आला होता. आता नाही.” त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, “मूळ समदं निघालं का गं? का ऱ्हातंय काई?” मी म्हणाले, बी पडलेलं असतं मातीत, पाऊस झाला की येईल. “मग येतंय,” आत्या म्हणाल्या. “आघाड्याला आजवर कुणी हरवलं न्हाई. मी चाळीस वर्सं झटून बघितलं.” आणि त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

पंधरा दिवस चांगला पाऊस झाला. मूग वाढला, वीतभर झाला, काळाभोर, तजेलदार, आणि त्याच्या पायाशी तास सोडून इकडंतिकडं बारीक बारीक तण डोकं काढायला लागलं. आमचंच तण.  मी मनात म्हटलं, दोन्ही राहू दे. शेंगा आल्या की बघू.

त्यानंतरच्या एका सकाळी कॉलेजला निघाले तर आत्या बागेत, गोगलगायीच्या सावलीत उकिडव्या बसलेल्या. विळा बाजूला ठेवला होता, हातानंच काम चाललं होतं. जवळ गेले आणि थांबले. त्या मूग उपटत होत्या. आघाड्याचं चार पानांचं रोप दोन बोटांनी सांभाळून धरायचं आणि त्याच्या शेजारचा वीतभर मूग मुळासकट ओढायचा. उपटलेलं रोप त्या फेकत नव्हत्या. मुळांची माती झाडून पदराच्या ओट्यात ठेवत होत्या. ओटा भरत आला होता.

“आत्या, राहू द्या ना मूग. चांगला आलाय.”

“दोनी कसं ऱ्हाईल गं? मुगाखाली तुजं दडपून चाललंय,” त्या म्हणाल्या. त्यांनी वर बघितलं नाही. “हातानं पेरलेलं कदी उपटलं न्हाई मी आजवर. तू बगू नको माज्याकडं. जा, उशीर व्हतोय तुला.”

मी गेले नाही. चप्पल काढली, कॉलेजची साडी वर खोचली आणि त्यांच्या समोर त्याच तासात बसले. मला नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. तशीच चाचपडत एक रोप धरलं आणि उपटलं.

“माय, तो आघाडा हाय,” आत्या म्हणाल्या. “ठिव खाली. कॉलेजात पोरांना शिकवतीस तरी काय गं तू?”